उंबऱ्याबाहेरची शुचिता

घर झाडून पुसून केराची टोपली दाराबाहेर ठेवली, म्हणजे गृहस्थाचें शुचितेचें कर्तव्य संपलें, अशी आमच्या समाजाची फार जुनी समजूत आहे. ‘दृष्टीआड सृष्टि’ ही म्हण इतर बाबतींत आम्ही उपहासानें वापरतों. केराच्या बाबतींत मात्र तिला आम्हीं धर्मवचनाचा मान दिला आहे. परंतु टोपलींतून गेलेली वस्तु खरोखर नाहींशी होते काय? आणि होत नसेल, तर तिच्याविषयींचें आमचें उत्तरदायित्व कोठें संपतें?

मुंबईच्या पूर्वेस, ठाण्याच्या खाडीलगत, देवनार येथें १९२७ सालापासून शहराचा केर टाकण्यांत येऊं लागला. जानेवारी २०१६ मध्यें तेथील ढिगांस आग लागून धूर दूरवर पसरला, तेव्हां ही दृष्टीआडची सृष्टि कांहीं दिवस सर्वांच्या डोळ्यांपुढें आली. धूर दिसतो, म्हणून त्याची वार्ता होते. जमिनींत मुरणारें मात्र दिसत नाहीं. पावसाचें पाणी कुजत्या केरांतून झिरपत उतरतें, तेव्हां तें काळसर व उग्र वासाचें होतें. मलमूत्रांतील जंतु, जखमेच्या पट्ट्यांवरील जंतु, टाकून दिलेल्या औषधांचा अंश, हें सर्व त्याबरोबर मातींत जातें.

येथें मातीविषयीं गैरसमज नसावा. जंतु असणें हा मातीचा दोष नव्हे. तें तिचें जीवनच होय. चिमूटभर सुपीक मातींत कोट्यवधि जंतु असतात, आणि गळलेल्या पानाचें खत तेच करितात. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन हें औषध १९४३ सालीं सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेंत सांपडलें, तेंहि मातींतील एका जंतूपासूनच. ज्या मातीनें आम्हांस औषध दिलें, तिलाच आम्ही मुदत संपलेल्या गोळ्या परत करितों! औषधाच्या अल्प मात्रेंत जे जंतु तगून राहतात, त्यांची संतति त्या औषधास दाद देत नाहीं. इतकेंच नव्हे, तर हा गुण एका जातीचा जंतु दुसऱ्या जातीच्या जंतूसहि देऊं शकतो. उपकाराची ही फेड विचित्रच म्हटली पाहिजे.

कोणी म्हणेल, “आम्ही कर भरतों, पुढचें नगरपालिकेनें पाहावें. शिवाय एवढ्या डोंगरांत आमच्या मूठभर केराची काय कथा?” पहिल्या म्हणण्यांत तथ्य आहे, नगरपालिकेचा दोष झांकण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु जें काम घरांत दोन हातांनीं होतें, तें एकदां सर्व केर एकत्र झाल्यावर हजार हातांनींहि नीट होत नाहीं. ओला केर वेगळा ठेवून त्यास पुरेशी हवा व ओल दिली, तर मोठ्या ढिगांत कुजतांना साठ अंशांच्या आसपास उष्णता उत्पन्न होते, आणि ती कांहीं दिवस टिकली म्हणजे बहुतेक रोगजंतु मरतात. उरतें तें खत. तोच केर प्लास्टिक, काच व औषधें यांत मिसळला, कीं खत होण्याची वाट बंद होते. दोष पदार्थांत नसून मिसळण्यांत आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनीं केर वेगळा करण्याचें कर्तव्य घराघरावर ठेविलें, तें याच कारणानें.

दुसरें म्हणणें तर मुळींच टिकत नाहीं. टाकलेला दगड एकच राहतो. परंतु ओल, ऊब व अन्न मिळाल्यास कित्येक जंतु अर्ध्या तासाच्या आंतच दुप्पट होतात. जें स्वतः वाढतें, त्याच्या बाबतींत ‘माझें थोडेंसें’ या सबबीस अर्थ उरत नाहीं.

आणि या सर्वांच्या मुळाशीं एक माणूस आहे. ज्या केरास बोट लावण्याची आम्हांस किळस येते, तो उघड्या हातांनीं निवडून पोट भरणारीं कुटुंबें त्या ढिगांच्या पायथ्याशीं राहत आलीं आहेत. त्यांच्या मुलांचें अंगण तीच माती. त्यांना अस्वच्छ म्हणण्यापूर्वीं ती अस्वच्छता कोणाच्या घरून आली, हें आम्ही स्वतःस विचारावयास नको काय? दुसऱ्याच्या दारीं नेऊन ठेवलेला मळ हा धुतलेला मळ नव्हे. सोंवळ्याओंवळ्याचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या आमच्या घरांनीं हा एवढा स्थूल विचार करूं नये, याचें आम्हांस नवल वाटतें, आणि स्वतःच्या घरची टोपली पाहिली म्हणजे लाजहि वाटते.