फोनवरची शिकवणी

भोरहून येणारा रस्ता कापूरहोळला महामार्गाला मिळतो. तिथून पुणं पस्तीस-चाळीस किलोमीटर. पण स्वमग्न लेकराला घेऊन आठवड्यातून दोनदा थेरपीला जाणाऱ्या आईसाठी हे अंतर किलोमीटरचं नसतं. एसटीतली गर्दी, हॉर्न, अनोळखी धक्के यांनी पोर बिथरतं. थेरपीच्या खोलीत पाऊल टाकेपर्यंत दोघंही थकून गेलेली असतात. मग शिकायचं कुणी आणि कधी?

‘ऑनलाइन करा’ हे त्यावरचं हल्लीचं उत्तर. टाळेबंदीत अनेकांनी ते करूनही पाहिलं. पण तीन वर्षांच्या मुलाला फोनसमोर बसवून थेरपी देऊ पाहणं म्हणजे भलत्याच विद्यार्थ्याला वर्गात बसवणं. फोनवर शिकवायचं ते मुलाला नव्हे, त्याच्या आईबापांना.

आईबापांना शिकवण्याची ही कल्पना हवेतली नाही. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडीच्या संशोधकांनी मिळून दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांसोबत एक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या कुटुंबांना शिकवायला तज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. बैठका होत्या बारा. आईचा आणि मुलाचा खेळ चित्रित करायचा आणि मग तो आईसोबत बसून पाहायचा, एवढीच मुख्य युक्ती. मूल गाडीचं चाक फिरवतंय आणि आई ‘भूभू म्हण, भूभू’ असा धोशा लावतेय, हे खेळताना कळत नाही, पाहताना कळतं. पुढच्या वेळी ती चाकालाच बोट लावते, ‘गोल गोल’ म्हणते आणि थांबते. चाचणीत पालकांचा प्रतिसाद मुलाशी अधिक जुळू लागला, मुलं आपणहून अधिक संवाद सुरू करू लागली. एकत्र लक्ष देण्याचा वेळ मात्र घटला. म्हणजे हा चमत्कार नव्हे, एक उपयोगी रीत आहे.

ही रीत फोनला साजेशी आहे, कारण तिचा जीव चित्रफितीत आहे. घरातला खेळ घरातच टिपता येतो आणि कात्रजचा घाट न ओलांडता त्यावर बोलता येतं.

तरी दोन गोष्टी फोनवर होत नाहीत. पहिली, मुलाची ऐकण्याची तपासणी आणि निदान; ते समोरासमोरच व्हायला हवं. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासली जातात, आणि तपासायच्या यादीत स्वमग्नता (ऑटिझम) आहे. तिथे शंका आली तर पुढची वाट कुणीतरी धरून दाखवायला हवी. दुसरी गोष्ट आईच्या खांद्यांवरचा भार हलका करण्याची. स्वयंपाक, शेत, सासर आणि त्यावर थेरपीही तिचीच, असं झालं तर पोराची प्रगती अडली की बोल तिलाच लागेल. शिकवणीला बापाने आणि आजीनेही बसायला हवं.

म्हणून भोरला ठरावीक दिवशी बालविकासतज्ज्ञ हवा, गावात प्रशिक्षित कार्यकर्ती हवी आणि मधल्या दिवसांत फोन हवा. तिन्हींत फोन सर्वांत स्वस्त, त्यामुळे तो आधी मिळेल. उरलेले दोन मागून घ्यावे लागतील, आणि ते मिळेपर्यंत नुसत्या फोनला सोय म्हणू नये.