पोटात ठेवायच्या गोष्टी

नाशिकला येणाऱ्या यजमानांच्या कित्येक पिढ्यांची नावं इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सापडतात. पण चालू पिढीच्या घरात काल रात्री कोण कोणाला काय बोललं, हे ज्ञान फक्त बालवाडीच्या बाईंकडे असतं. तेही वही न ठेवता!

कारण चार वर्षांचं मूल म्हणजे घरचं चालतंबोलतं वर्तमानपत्र. आमच्या नातवाने पहिल्याच आठवड्यात ‘आजोबा चोरून चिवडा खातात’ ही ठळक बातमी वर्गात दिली होती.

डॉक्टरने रोग्याचं आणि वकिलाने अशिलाचं गुपित फोडू नये, हे आपण सगळेच जाणतो. बालवाडीच्या बाईंकडून अशी शपथ कोण घेतो? म्हणून एकदा नातवाला आणायला गेलो असता मी हळूच विचारलं, “काय बाई, आमचा पोपट घरचं काय काय बोलतो?” हेतू शुद्ध होता. सूनबाई माझ्या माघारी काय म्हणते, एवढंच कळावं!

बाई हसल्या. “आजोबा, मुलं सांगतात ते विश्वासाने. मी ते वाटत सुटले, तर उद्या मला कोण सांगेल?”

मी ओशाळलो, पण निर्धास्तही झालो. चिवडा सुरक्षित होता.

पंधरवड्याने बाईंनीच मला थांबवून घेतलं. बाकीचे पालक गेल्यावर म्हणाल्या, “वर्गाचं दार लोटलं की तो रडतो. न्हाणीघराचं काहीतरी सांगतो.”

माझ्या पोटात धस्स झालं. दूध सांडलं म्हणून दोनदा मीच त्याला न्हाणीघरात कोंडला होता. दिवा बंद करून. पाचच मिनिटं, अर्थात माझ्या घड्याळातली. ‘आम्ही नाही का असेच वाढलो?’ हे ओठांवर आलं होतं, पण निघालं भलतंच.

“बाई, तुम्ही तर सगळं पोटात ठेवणार होता!”

“मोठ्यांचं ठेवते. त्याचं भय कसं ठेवू? म्हणून आधी तुमच्याशी बोलले. पुन्हा झालं, तर सूनबाईंना सांगावं लागेल.”

घरी येताना मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवल्या. १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढणाऱ्या या दोघी. पुढे कोसबाडला मुलं गुरांमागे रानात जातात म्हटल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. शाळेने चार भिंती सोडल्या, मूल सोडलं नाही. आमच्या बाईंनीही तेच केलं होतं. गप्प बसायचं ते मुलासाठी आणि बोलायचं तेही मुलासाठीच. मला वाटत होतं, बाईंचं मौन माझ्या चिवड्यासाठी आहे!

त्याच संध्याकाळी सूनबाईला मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. नातवाची माफी मागितली, ती त्याने तत्काळ दिली.

दुसऱ्या दिवशी ही बातमी वर्गात पोचली असणारच. दारात बाई माझ्याकडे बघून हसल्या. ते हसू माफीचं की चिवड्याचं, मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नसतं.