आधी पाहा, मग बोला

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, याला रसग्रहण म्हणत नाहीत. बंगळुरूच्या कस्तुरबा रोडवरच्या ‘मॅप’ या कलासंग्रहालयात तुम्हाला नेलं ते चित्रकार जनगढ सिंह श्याम यांचे पक्षी पाहायला. वहीत काय उतरलं? पोपट म्हणजे प्रेम, हिरवा म्हणजे समृद्धी, झाड म्हणजे जीवन. हे घरबसल्याही लिहिता आलं असतं. नुसत्या पाट्या टाकल्यात तुम्ही!

एकानं तर ‘चित्रकाराला पक्ष्याचं अंग जमलेलं नाही’ असा शेरा मारलाय. नीट ऐका. मध्य प्रदेशातल्या पाटनगढच्या या परधान गोंड तरुणाची भिंतीवरची चित्रं चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या माणसांनी हेरली आणि जनगढना भोपाळला आणलं. तिथे 1982 साली सुरू झालेल्या भारत भवन या कलाकेंद्रात ते घडले. 1989 मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. आज त्यांच्या शैलीला ‘जनगढ कलम’ म्हणतात. या माणसाला पक्षी काढता येत नव्हता?

जवळ जाऊन पाहिलंत तरी का? सावली नाही, क्षितिज नाही. सपाट आकार, आणि त्यावर ठिपक्यांच्या रांगा, कंगव्याच्या दातांसारख्या बारीक रेघा. त्या मानेला वळसा घालतात, पोटावर दाटतात, पंखाशी दिशा बदलतात. पक्षी हलतो तो या बदललेल्या दिशेमुळे. हे सगळं ठरवून केलेलं आहे, चुकून झालेलं नाही.

झाडाला ‘जीवनाचं प्रतीक’ म्हणून मोकळे झालात. गोंडांचा बडा देव साजाच्या, म्हणजे आपल्या ऐनाच्या झाडात राहतो. बाना हे वाद्य वाजवत त्याच्या कथा गाणं हे परधानांचं पिढीजात काम. जनगढ त्या घरातले. गाण्यातल्या देवांना त्यांनी कागदावर रूप दिलं. गोंड महाराष्ट्रातही, चंद्रपूर-गडचिरोलीत राहतात, तरी तुमच्यातल्या एकाही मराठी मुलाला याबद्दल विचारावंसं वाटलं नाही. मला खरा राग त्याचा आहे.

संग्रहालयासमोरच कबन पार्क आहे. उद्या सकाळी तिथे जा. घार फांदीवर कशी बसते, पोपट मान कशी वळवतो, ते बघून कागदावर उतरवा. मग आत जाऊन एकाच पक्ष्यासमोर अर्धा तास उभे राहा आणि त्याच्या अंगावरच्या रेघा कुठून कुठे जातात, तेवढंच लिहून आणा. ‘प्रतीक’ हा शब्द ज्याच्या वहीत दिसेल, त्याची वही मी तपासणार नाही.