शरीराचं सोवळं

आजी चामड्याच्या पट्ट्याचं घड्याळ देवघराचा उंबरा ओलांडू देत नसे. पाकीट बाहेर, कमरेचा पट्टा बाहेर, घड्याळ बाहेर, मग आरती. सत्तरच्या दशकात तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. आतले टाके त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कॅटगटचे. कॅटगटचा मांजराशी काही संबंध नाही. मेंढीच्या नाहीतर गाईगुरांच्या आतड्याचा तो दोरा. पिंजाऱ्याच्या धनुकलीला लागायची त्या तांतीचाच शुद्ध केलेला भाऊबंद. दोन-तीन महिन्यांत तो तिच्या पोटात विरघळून गेला. आजीला कुणी सांगितलं नाही. पोटाने विचारलं नाही.

माणसाचं सोवळं वस्तूपाशी असतं, शरीराचं पेशीपाशी.

परक्याची पेशी आत आली की शरीर तिला हेरतं. पेशीच्या अंगावर तिच्या कुळाच्या खुणा असतात, त्या लपवता येत नाहीत. पण पेशींना धरून ठेवणारं जे जाळं असतं, मुख्यतः कोलॅजेनच्या तंतूंचं, ते बैल, डुक्कर, मासा आणि माणूस यांच्यात इतकं सारखं आहे की तिथे शरीर फारशी चौकशी करत नाही. प्राण्याच्या अवयवातून पेशी काढून टाकायच्या आणि उरलेलं जाळं माणसाच्या जखमेत लावायचं, हा सगळा उद्योग एवढ्या एका सवलतीवर उभा आहे. शास्त्रज्ञ त्या जाळ्याला स्कॅफोल्ड म्हणतात, गवंडी परांची म्हणेल. शब्द बरा आहे, पुरा नाही. इथे गवंडी म्हणजे रोग्याच्याच पेशी, आणि त्या भिंत बांधता बांधता परांची खाऊन टाकतात.

प्राण्याचा तुकडा माणसाच्या आत ठेवणं नवं नाही. सुश्रुतसंहितेत फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांना काळ्या मुंग्या डसवायच्या आणि धड तोडून डोकी तशीच आत ठेवायची, अशी युक्ती सांगितली आहे. टाका घालणाराच टाका.

कोलॅजेनची घडण १९५४ साली मद्रासला उलगडली. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था. एकमेकांभोवती वळलेले तीन पदर, म्हणजे वेणीच. प्रत्येक पदरातला दर तिसरा घटक ग्लायसिन, सगळ्यांत किडकिडीत, कारण वेणीच्या गाभ्यात दुसरं कुणी मावत नाही. एसटीच्या तिघांच्या बाकावर प्रवास केलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. कामाला आलं ते कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचं कोलॅजेन, आणि मदतीला होती शेजारची चर्म संशोधन संस्था. जीवशास्त्रातलं एक मोठं कोडं कातड्याच्या वाटेने सुटलं, हे कुणी मुद्दाम सांगत नाही.

पेशी काढणं म्हणजे धुणं. साबणच वापरतात, त्याचं नाव तेवढं लांबलचक असतं. २००८ साली मिनेसोटा विद्यापीठात डोरिस टेलर आणि हॅराल्ड ऑट यांनी उंदराच्या हृदयात त्याच्याच रक्तवाहिन्यांतून असं द्रावण सोडलं. तांबडं हृदय पांढरं झालं, मग जवळजवळ आरपार दिसू लागलं. आकार तोच, झडपा जागच्या जागी, वाहिन्यांच्या नळ्या शाबूत. राहणारं कुणी नाही. त्यात नवजात उंदरांच्या हृदयपेशी सोडल्या. आठव्या दिवशी ते रक्त ढकलण्याचं काम करू लागलं, प्रौढ हृदयाच्या सुमारे दोन टक्के ताकदीने. हसू नये. रिकाम्या घरात दिवा लागला होता.

किती धुवायचं याला माप आहे: कोरड्या वजनाच्या दर मिलिग्रॅममागे डीएनए ५० नॅनोग्रॅमच्या खाली. शरीराचं सोवळं असं आकड्यात मांडता येतं. आजीचं येत नव्हतं. पण अती धुतलं की तंतूंना चिकटून बसलेले, पेशींसाठीचे निरोपही वाहून जातात. हे निरोप काय करतात ते मार्शल यूरिस्ट यांनी १९६५ साली दाखवलं. हाडातली खनिजं आम्लाने काढून टाकली, आणि उरलेला मऊ सांगाडा सशाच्या स्नायूत पुरला. स्नायूत हाड उगवलं.

आणि निरोपाबरोबर रोगही येऊ शकतो. युरोपात २००१ साली कॅटगट बंद झालं ते वेड्या गाईंच्या रोगाच्या धास्तीने. शरीर चौकशी करत नाही, म्हणून ती आपण करायची असते.

ऐंशीच्या दशकात पर्ड्यू विद्यापीठात स्टीफन बॅडिलॅक यांनी एका कुत्र्याच्या महाधमनीचा तुकडा काढून त्या जागी त्याच्याच लहान आतड्याची नळी शिवली. कुत्रा जगला. काही महिन्यांनी आत पाहिलं तर आतडं कुठे दिसेना, धमनी दिसत होती. जाळ्याला मूळ गावाचा अभिमान नसतो. जिथे नेलं तिथली बोली ते उचलतं. माणसांच्या बाबतीत याला आपण कधी समंजसपणा म्हणतो, कधी फितुरी.

*

पण सगळंच असं मिसळून जाणारं चालत नाही. हृदयाची झडप मिनिटाला सत्तर वेळा उघडते, सत्तर वेळा मिटते. ती मध्येच विरघळली तर माणूस गेला. म्हणून बैलाच्या हृदयावरणातून कापलेली किंवा डुकराच्या हृदयातून काढलेली झडप आधी कमावावी लागते. कमावणं हा शब्द इथे उपमा म्हणून आलेला नाही. साठच्या दशकात पॅरिसला आलँ कार्पांतिए यांनी ज्या ग्लुटराल्डिहाइडने झडपा टिकाऊ केल्या, ते कातडं कमावण्याचंच रसायन आहे. हिरडा आणि बाभळीची साल कोल्हापुरी वहाणेच्या कातड्याला जे करतात, तेच ते करतं: तंतूला तंतू असा बांधून टाकायचा की कुजवणाऱ्याला शिरायला फट उरू नये. ढोर समाजाने गावकुसाबाहेर, दुर्गंधीत, हात रापवून जी विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, तिची चुलत बहीण आज छातीच्या पिंजऱ्यात बसली आहे. आजीच्या आरतीला असा एखादा झडपवाला उभा राहिला असता, तर त्याने उंबऱ्याबाहेर काय काढून ठेवायचं होतं?

कमावलेलं टिकतं, पण आपलं होत नाही. दहा-पंधरा वर्षांत झडपेत चुना साठतो, ती ताठरते. तरुण अंगात आणखी लवकर. लहान मुलाचं हृदय वाढतं, कमावलेली झडप वाढत नाही. कच्चं आपलं होतं, पण टिकेल याची हमी कुणी देत नाही. कमावायचं ते किती, हाच या विद्येतला खरा प्रश्न. बाकी सगळा सरंजाम.

या प्रश्नाचं मला सगळ्यांत आवडलेलं उत्तर बॉस्टनचं आहे. शल्यविशारद जॉन बर्क आणि पॉलिमरचे अभ्यासक आयोनिस यान्नास यांनी ते १९८१ साली प्रसिद्ध केलं. गाईच्या कातड्याचं कोलॅजेन, शार्कच्या कूर्चेतला एक पदार्थ, वर सिलिकॉनचा पापुद्रा. भाजून त्वचा गेलेल्या अंगावर हे पसरायचं. छिद्रं २० ते १२० मायक्रॉनची. फार बारीक असली तर पेशी आत शिरत नाहीत, फार मोठी असली तर त्यांना धरायला भिंत सापडत नाही. आणि कमावलेलं किंचितच: नवी त्वचा ज्या वेगाने येईल त्याच वेगाने ते जावं, एवढंच. लवकर गेलं तर जखम आकसते. रेंगाळलं तर शरीर त्याला कुंपण घालतं. पाहुण्याने केव्हा निघावं याचा इतका नेमका हिशेब मी दुसरीकडे पाहिलेला नाही. दोन-तीन आठवड्यांनी सिलिकॉन सोलून काढतात आणि रोग्याच्याच त्वचेचा अगदी पातळ थर वर लावतात. त्वचा येते. केस येत नाहीत, घाम येत नाही. घाम न येणं म्हणजे काय, हे चंद्रपूरला मे महिना काढलेल्या माणसाने ठरवावं.

रेशमाचं थोडक्यात सांगतो. किडा दोन प्रथिनं काढतो: आत फायब्रॉइनचा तंतू, बाहेर सेरिसिनचा डिंक. रेशमी टाक्यांवर शरीर रुसतं असा बोभाटा होता; तो रुसवा बराचसा डिंकावरचा निघाला. रेशीमवाले तो डिंक खाराच्या पाण्यात उकळून काढतातच, नाहीतर झळाळी येत नाही. झळाळी आणि सोवळं, दोन्ही एकाच कढईत. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ढिवर समाज ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या राखतो. त्या टसरच्या तंतूत पेशींना पकड देणारी तीन अमिनो आम्लांची खूण मुळातच असते. तुतीच्या रेशमात ती नसते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमाच्या प्रथिनापासून हाडातली पोकळी भरणारे सच्छिद्र तुकडे बनवले गेले. लुगड्यात मिरवलेला धागा हाडात मुकाट बसतो.

*

मांडव घातला म्हणजे लग्न लागलं असं होत नाही. पेशीला केशवाहिनी दोनेकशे मायक्रॉनच्या आत लागते. त्यापलीकडे ती उपाशी मरते. पातळ पापुद्रे जगतात आणि जाड अवयव जगत नाहीत, त्याचं मोठं कारण हे. म्हणून २०१७ साली अमेरिकेत वूस्टरच्या संशोधकांनी पालकाचं पान धुऊन पेशीमुक्त केलं, कारण पानात शिरांचं जाळं आयतं असतं. त्यावर माणसाच्या हृदयपेशी वाढवल्या. त्या आकुंचन पावू लागल्या. त्यानंतर मंडईत पालकाची जुडी मी जरा जपून उचलतो.

रक्त पोहोचायच्या आधी कीर्ती पोहोचली की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. २००८ साली बार्सिलोनात पाओलो मॅकियारिनी यांनी मृत दात्याची श्वासनलिका धुऊन, तीवर रोगी बाईच्या पेशी लावून ती तिला बसवली. जगाने टाळ्या वाजवल्या. पुढे स्टॉकहोममध्ये त्यांनी प्लास्टिकच्या नळ्या बसवल्या. स्वीडनमधले तिन्ही रोगी दगावले. २०२३ साली तिथल्या अपील न्यायालयाने त्यांना अडीच वर्षांची कैद सुनावली. जाळं मुकं असतं, म्हणून त्याच्या वतीने कुणीही बोलू शकतो.

आता विचारण्याविषयी. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने डुकराच्या पित्ताशयातून पेशी काढून जखमेवर लावायचं आवरण विकसित केलं आहे. खाटीकखान्यात फेकून द्यायच्या अवयवातून औषध काढलं, ही विद्या लहान नाही. पण ते कशाचं आहे हे रोग्याला त्याच्या भाषेत, सही घेण्याआधी सांगितलं पाहिजे. जीव वाचतोय ना, मग कशाला विचारायचं, असं म्हणणारे डॉक्टर मला भेटले आहेत; चांगले डॉक्टर. तरी मला ते पटत नाही. शरीराला चालतं म्हणजे माणसाला चालेलच असं नाही. एखाद्याचं गाईवर अडेल, एखाद्याचं डुकरावर, एखाद्याचं दोन्हींवर. त्याचं सोवळं मला पटत नसेल, पण ते त्याच्या संमतीशिवाय, भूल देऊन मोडण्याचा मला हक्क नाही. आजीला विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, असं मला वाटतं. नसतीही म्हणाली. पोट तिचं होतं.

प्राण्याचं नको असेल तर माणसाचं आहे. बाळंतपणात वार पडते. पूर्वी ती पुरत, आता ती कचऱ्यात जाते. बाळाभोवतीचं तलम आवरण तिच्याबरोबरच येतं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ साली ऊतिपेढी सुरू झाली. तिथे ते आवरण स्वच्छ करून, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून जखमांवर लावण्यासाठी तयार केलं जातं. विटाळ म्हणून जिला कोपऱ्यात बसवत होतो, तिच्याच पोटातली ही वस्तू.

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृताच्या मांड्या, पाय आणि पाठीवरून त्वचेचा फक्त वरचा पातळ थर घेतात. रक्त वाहत नाही, देह विद्रूप होत नाही. ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ती त्वचा पाच वर्षं राहते. तिच्या पेशी मेलेल्या असतात. तरी भाजलेलं अंग तिला कायमची ठेवून घेत नाही, काही आठवड्यांत ती गळून पडते. पण तेवढे आठवडे ती पाणी आत धरते, जंतू बाहेर ठेवते, आणि खाली रोग्याचं शरीर सावरायला लागतं.

अशी त्वचा लागते तेवढी मिळत नाही, आणि त्याचं कारण प्रयोगशाळेत शोधून सापडणार नाही. प्रेताला शिवायचं नाही, त्याला पातं लावू द्यायचं नाही, देह अपुरा जाळायचा नाही. हे मी दुसऱ्यांना हसून लिहीत नाही. आजी गेली तेव्हा आमच्याही घरात हा विषय कुणी काढला नाही, मीही नाही.

वय अठराच्या पुढे असलं की बहुतेकांची त्वचा चालते. रक्तगट जुळावा लागत नाही. मधुमेह, रक्तदाब आड येत नाहीत. पथक घरी येतं, पाऊण तासात काम आटोपतं. जवळच्या त्वचापेढीचा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा. सुतक केव्हा धरायचं, किती दिवस धरायचं, ते नंतर बघता येईल. फोन सहा तासांच्या आत करायचा असतो.