विचारस्वातंत्र्य आणि अनन्यता

मुखी एक आणि अंतरी दुसरे, अशा उपासनेस उपासना म्हणावे काय? इंग्लंडातील कॅटरिक गावचे धर्मोपदेशक थिओफिलस लिंडसे यांस पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्याची प्रार्थना म्हणणे असत्य वाटू लागले. १७७३ साली त्यांनी वृत्ती सोडली. १७७४ मध्ये लंडनच्या एसेक्स स्ट्रीटवर युनिटेरियन म्हणजे एकेश्वरवादी उपासनेचे चॅपल उघडले. त्रैक्य नाकारणे तेथे १८१३ पर्यंत दंडनीय होते.

येशूचे ईश्वरत्व न मानणारे हे मत, परमेश्वर अवतार धारण करतो असे मानणाऱ्या आम्हांस ग्राह्य नाही. परंतु ज्ञान परमेश्वरकृपेने होते, राजदंडाने नव्हे. विचारस्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे; पटलेल्या सत्याचे मोल स्वतः देणे होय. उपदेश घेऊनही घरी देवतांचे नवस चालविणाऱ्याने याचा विचार करावा.