जागा न मिळालेला खेळाडू

ज्या शिखरासाठी मनुष्य वर्षानुवर्षे झटतो ते त्यास लाभले नाही, तर त्याचे श्रम व्यर्थ गेले काय? हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञांचा नव्हे. आमच्या हिंगोली जिल्ह्यात गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचा फड रंगतो. तेथवरच थांबलेल्या मल्लाला घरचीच माणसे विचारतात, 'एवढी तालीम करून मिळविलेस काय?'

अशा वेळी आम्हांस पद्माकर शिवलकर आठवतात. मुंबईच्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी घेतले. १९७३ साली मद्रासच्या चेपॉक मैदानावर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी तामिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत ८ व दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले. तरीही ३ मार्च २०२५ रोजी ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या नावावर एकही कसोटी नव्हती. त्यांच्याच काळात, त्यांच्याच शैलीचे बिशनसिंग बेदी भारतीय संघात होते. बेदींनी ६७ कसोटींत २६६ बळी मिळविले. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांनी ७५० प्रथम श्रेणी बळी घेतले; त्यांनाही कसोटी लाभली नाही.

अपात्र ठरणे निराळे आणि जागा न मिळणे निराळे. जागा एकच असेल, तर दुसरा कितीही गुणी असो, तो बाहेरच राहणार. निवड दुसऱ्याच्या हाती असते. चेंडू नेमक्या टप्प्यावर टाकणे तेवढे आपल्या हाती. मनुष्याकडून हिशेब मागावयाचा तो त्याच्या हाती असलेल्या गोष्टींचाच.

कोणी म्हणेल, शिवलकरांची निदान नोंद राहिली. २०१७ साली क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना जीवनगौरव पुरस्कारही दिला. जिल्ह्यातच अडलेल्या मल्लाचे नाव कोण लिहून ठेवणार? आक्षेप रास्त आहे. परंतु चेपॉकवरील गोलंदाजी नोंदवहीत आली म्हणून उत्तम ठरली नाही. ती मुळातच उत्तम होती. मल्लाने अंगी बाणविलेली शिस्त आणि हार पचविण्याचे बळ हेही नोंदीवाचून खरेच असते.

तथापि अशा विचाराने पोट भरत नाही. पोकळ सांत्वन करून तरुणास वाऱ्यावर सोडणे हा ढोंगीपणा होय. म्हणून आईवडिलांनी आखाड्यासोबत त्यास शिक्षण वा एखादा हुन्नर द्यावा. आणि तो रिकाम्या हाताने परतला, तरी त्याच्या मेहनतीला घरात मान असावा.