सातपैकी पाच टक्के

माझी मावसबहीण बायोकेमिस्ट्रीत पीएचडी झाली आणि परदेशात पोस्टडॉक शोधायला आमच्या कोथरूडच्या घरी येऊन राहिली. पेपर वाचायचे, प्राध्यापकांना मेल करायचे, बहुतेकांचं उत्तर येत नाही. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपला पीएचडीनंतर ४ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि आधी तिथल्या एखाद्या प्राध्यापकाचा होकार लागतो. तो ताईला मिळाला. राहिलं गाइडचं शिफारसपत्र.

हे पत्र गोपनीय असतं. उमेदवाराने ते पाहायचं नसतं. गाइड म्हणाले, "ड्राफ्ट तूच पाठव, मी बघून सही करतो." ताईला यात काही वावगं वाटलं नाही, लॅबमध्ये सगळ्यांचं असंच होतं. स्वतःचं कौतुक लिहायला मात्र तिचा हात चालेना. मी आयटीतला, दरवर्षी सेल्फ-अप्रेझल लिहिणारा. काम माझ्याकडे आलं.

इंटरनेटवरचे नमुने चाळून मी लिहिलं, 'माझ्या आजवरच्या विद्यार्थ्यांत ही सर्वोत्तम पाच टक्क्यांत येते.' मग सहज विचारलं, सरांचे विद्यार्थी किती? सात. सातचे पाच टक्के म्हणजे ०.३५. पुरता एक माणूसही नाही. आम्ही हसलो.

मी ते वाक्य काढायला लागलो तर ताई म्हणाली, "राहू दे. सगळे हेच लिहितात. माझ्या पत्रात नुसतं 'चांगली आहे' असेल तर तिथला माणूस समजेल, हिच्यात काहीतरी गडबड आहे."

तिचं चूक कुठे होतं? सगळेच आवाज चढवून बोलत असताना हळू बोललेलं खरं वाक्य ऐकणाऱ्याला भलताच अर्थ सांगतं. मग खोटं कोणतं, फुगवलेलं की साधं?

रोज कर्वे पुतळ्यावरून जाताना मला महर्षींच्या सूनबाई आठवतात. इरावतीबाई १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये पीएचडी करत होत्या. गाइड ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे. युरोपीय माणसाची कवटी इतरांपेक्षा जास्त असममित असते आणि त्याचा बुद्धीशी संबंध आहे, हे त्यांचं गृहीतक. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या, असा फरक सापडला नाही, आणि तसंच लिहिलं. गुण कमी पडले. अर्थात पुण्यात त्यांच्यामागे दिनकर कर्वे होते. ताईची फेलोशिप जानेवारीतच संपली आहे. तिच्यासमोर इरावतीबाईंचं उदाहरण ठेवणं सोपं आहे, आणि मला ते थोडं निर्लज्जपणाचं वाटतं.

तरी एक वाक्य मी हट्टाने घातलं. पीएचडीच्या चौथ्या वर्षी ताईला कळलं, तिची अँटिबॉडी भलत्याच प्रोटीनला चिकटते आहे. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिने स्वतः जाऊन सरांना सांगितलं, अख्खं प्रकरण टाकून दिलं आणि ११ महिने प्रयोग पुन्हा केले. पत्रातलं हे एकच वाक्य दुसऱ्या कुणाबद्दल लिहिता आलं नसतं.

दोन दिवसांनी सरांनी ड्राफ्ट परत पाठवला, ट्रॅक चेंजेस चालू ठेवून. अँटिबॉडीचं वाक्य लाल रेघेने खोडलेलं, शेजारी कॉमेंट: 'निगेटिव्ह वाटतं.' पाच टक्के तसेच होते.

ताईने 'ॲक्सेप्ट ऑल' दाबलं आणि फाइल त्यांना परत पाठवली. मी शेजारीच बसलो होतो.